मोरी क्रमांक सात बटे दोन

सोनबांनी माझ्या टेबलावर दगड आणून ठेवला तेव्हा समोर चहा होता आणि चहाशेजारी निमंत्रणपत्रिका होती. पत्रिकेवर शेवटून दुसऱ्या ओळीत, भिंग लावलं तर वाचता येईल एवढ्या अक्षरात, माझं नाव होतं. पूर्णिमा ओव्हाळ, कार्यकारी अभियंता. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कुणी ते छापलं होतं. मी ते तिसऱ्यांदा वाचत होते, खोटं कशाला बोलू.

दगड म्हणजे फुटलेल्या कठड्याचा तुकडा. त्यावर चुन्याचे थरावर थर आणि काळ्या रंगात ठसठशीत आकडे: ७/२.

"हे काय, सोनबा?"

"सात बटे दोन, मॅडम. आपली मोरी. गाडली."

आमच्या बांधकाम खात्यात प्रत्येक मोरीला नंबर असतो. मोरी म्हणजे ओढ्याचं पाणी रस्त्याखालून पलीकडे नेणारा छोटा पूल. गाडीतून जाणाऱ्याला ती आयुष्यात दिसत नाही. सातव्या किलोमीटरमधली दुसरी मोरी, म्हणून सात बटे दोन. आणि सोनबा आमचे मैलकामगार. धायरीचा रस्ता एकतीस वर्षं त्यांच्या ताब्यात. खड्डे बुजवायचे, झाडांना गेरू-चुना लावायचा, कठड्यावरचे आकडे दरवर्षी नव्याने रंगवायचे आणि मृगाच्या आधी प्रत्येक मोरीत वाकून बघायचं. पलीकडचा उजेड दिसला तर मोरी चालू. नाही दिसला तर आत शिरून गाळ काढायचा. या कामाला संगणक लागत नाही, सल्लागार लागत नाही. कंबर लागते.

"काल वाकाय गेलो," सोनबा म्हणाले, "तर वाकाय जागाच न्हाई. दोन्ही तोंडं मुरमानं बंद. वर डांबर. कठडा फोडून बाजूला टाकलाय, त्यातला ह्यो आणला."

साल दोन हजार चार. धायरीच्या पुढे एका संगणक कंपनीचा काचेचा महाल उभा राहिला होता आणि त्या महालात परदेशी पाहुणे येणार होते. म्हणून गावाचा जुना रस्ता चौपदरी करायचा हुकूम निघाला. पंचवीस वर्षं त्या गावाने रस्ता मागितला तेव्हा निधी नव्हता. काच लागली आणि निधी आला. उद्घाटन अठ्ठावीस मेला. त्या दिवशी वीस तारीख होती.

"आणि तुम्ही आत्ता सांगताय?" मी आवाज चढवला.

सोनबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "फेब्रुवारीत रस्त्याची आखणी झाली, तिच्यात मोरी दिसंना, तवाच सांगाय आलतो मॅडम. तुमची जीप थांबली व्हती. तुम्ही म्हणालात, हापिसात या. हापिसात आलो, तर भायेरच्यांनी सांगितलं, लिहून आणा." त्यांनी दगडावरच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "मला आकडे येत्यात. अक्षरं न्हाईत."

म्हणून त्यांनी आकडे आणले होते. चार किलोचा अर्ज. चहा तसाच राहिला.

मी कपाटातून नकाशे काढले. एकूण एक्केचाळीस. एकोणिसाव्या नकाशात सातवा किलोमीटर होता. सुबक, रंगीत, संगणकावर काढलेला, आणि त्यात सात बटे एक होती, सात बटे तीन होती. मध्ये सरळ रस्ता. उजव्या कोपऱ्यात खाली सही होती, माझी. जानेवारीत एका बैठकीत एक्केचाळीस सह्या ठोकल्या होत्या मी. मोऱ्यांची जुनी नोंदवही हाताच्या अंतरावर होती, ती उघडून ताडून बघायचं काम माझंच होतं. उघडली नाही. सही मात्र सुंदर आली होती.

नकाशे काढणाऱ्या सल्लागाराकडे नोकरीला असलेल्या पोराला, तेजसला, तासाभरात बोलावून घेतलं. पंचविशीचा, गळ्यात ओळखपत्र, चेहरा पांढराफटक.

"मॅम, सर्व्हेला मी स्वतः गेलो होतो. ॲक्च्युअली तिथे काहीच नव्हतं. म्हणजे, साईडला गवताचा ढीग होता फक्त."

"चल दाखव."

जागेवर गेलो. जिथे दगडी कमान होती तिथे आता गुळगुळीत काळा रस्ता, जुन्यापेक्षा तीन फूट उंच. डोंगराच्या बाजूला खोलगट जमिनीवर छत्तीस घरं. त्यांतल्या पहिल्या घरातून वेणूबाई बाहेर आल्या. साठीच्या, हातात खराटा. तेजसने ढिगाचं विचारलं.

"व्हय, आमचाच कडबा त्यो. दर उन्हाळ्यात मोरीत ठेवतो. सावली हाय, भाडं न्हाई. मृगाच्या आधी सोनबाभाऊ वरडाय आला की काढतो."

तेजस गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आला होता. एप्रिलमध्ये ओढ्यात पाणी नसतं, मोरीत कडबा असतो, आणि कडब्यामागे कमान आहे हे शोधायला पेंढ्या ओढाव्या लागतात. त्याने ओढल्या नाहीत. त्याच्यावर मी दोन मिनिटं मनापासून चिडले. मग लक्षात आलं की त्याने निदान गाडीतून उतरून तरी बघितलं होतं.

"बाई, एक इचारू का?" वेणूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "श्रावणात हितनं मांडीएवढं पानी जातं. आता कुठनं जाणार?"

रस्त्याचा बांध झाला होता. पाणी कुठून जाणार ते दिसत होतं. त्यांच्या दारातून. हा प्रश्न त्यांनी तेजसला विचारला नाही, माझ्या जीपच्या ड्रायव्हरला विचारला नाही. मला विचारला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी बोलावलं. आमचे अधीक्षक अभियंता शरच्चंद्र इनामदार. सदाशिव पेठेतलं घर, इस्त्रीची घडी न मोडणारी पॅन्ट, आणि बोलणं असं की अपमान झाला हे घरी पोचल्यावर कळावं.

"या ओव्हाळबाई, बसा. ऐकलं मी. आपण फार मनाला लावून घेता."

"सर, मोरी उघडायला लागेल. पावसाच्या आधी."

"उघडू ना. पुढच्या वर्षीच्या कामांत घेऊ. तूर्तास आपण काम पूर्ण झाल्याचा दाखला द्या. पाहुणे तारीख देऊन येतात, पाऊस देत नाही. तेव्हा आधी पाहुणे."

"आणि तोवर ती छत्तीस घरं?"

त्यांनी एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. मैलकामगार सोनबा याने आपल्या हद्दीतील मोरीबाबत वेळेत कळविले नाही, सबब त्यास निलंबित करण्यात यावे. खाली माझ्या सहीसाठी जागा.

"दोन महिन्यांत निवृत्त होतोय तो," इनामदारसाहेब म्हणाले. "त्याला काय फरक पडतो?"

"पेन्शन अडकेल."

"चौकशी होईल, सुटेल. चार-पाच वर्षांत." त्यांनी चष्मा पुसला. "हे बघा, पुढेमागे पाणी शिरलंच, तर कुणाच्या तरी नावावर कागद असायला हवा. तो आपल्या नावावर असू नये एवढीच माझी इच्छा. आपल्या बढतीची फाइल माझ्याचकडे आहे. आपल्यासारख्यांनी वर यावं असं मला मनापासून वाटतं."

"आपल्यासारख्यांनी म्हणजे?"

"म्हणजे... हुशार."

"असं होय. मला वाटलं, उंच."

ते हसले नाहीत. मी कागद उचलला, नीट घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. सही करण्यासाठी नव्हे. असा कागद कुणी लिहू शकतो हे पुढे मला स्वतःला खोटं वाटू नये म्हणून.

घरी आल्यावर भिंतीवरच्या बाबांच्या फोटोसमोर बराच वेळ बसले. माझे बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते. छप्पन्न साली सोळा वर्षांचे असताना ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि पुढे आम्हा भावंडांना त्यांनी एकच गोष्ट उठताबसता ऐकवली. कुणापुढे वाकायचं नाही. मी नाही वाकले. वसतिगृहात नाही, मुलाखतीत नाही, 'कोट्यातल्या बाई' म्हणून कुजबुजणाऱ्या ठेकेदारांपुढे नाही. ताठ मानेने बावीस वर्षं काढली आणि त्या ताठ मानेच्या नादात हे विसरले की रस्ता ज्याच्या ताब्यात असतो त्याला मोरीपुढे वाकावंच लागतं. बाबांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, अगं, एवढं साधं तुला कळलं नाही? बारा बुकं शिकलीस ना?

मला सोनबांचा राग आला नव्हता, तेजसचा ओसरला होता. इनामदारांचा होता, पण त्याहून जास्त माझा. आणि राग आला की मला चांगलं सुचतं.

आमच्या नियमांत कार्यकारी अभियंत्याला एक अधिकार आहे. त्याच्या विभागातलं कुठलंही काम सदोष वाटलं तर त्याने ते स्वतःच्या सहीने उकलून बघावं. हा अधिकार सहसा कुणी वापरत नाही. मी सोमवारी, चोवीस तारखेला सकाळी आठ वाजता तो वापरला. आदेश तीन वाक्यांचा होता. मोरी क्रमांक सात बटे दोन माझ्या सहीच्या नकाशातून राहून गेली. चूक माझी आहे. दोन्ही तोंडं तातडीने मोकळी करून नळ टाकून रस्त्याच्या रुंदीपर्यंत वाढवावीत. एक प्रत इनामदारसाहेबांना पाठवली, पण जेसीबीचा पहिला दात डांबरात रुतल्यावर.

ठेकेदाराचा माणूस मोटरसायकलवरून आला आणि जेसीबीसमोर आडवा उभा राहिला. "मॅडम, रोड फिनिश झालाय. शुक्रवारी फीत कापायचीय. कुणाच्या ऑर्डरने खोदताय?"

"माझ्या."

"वरून काही लेखी?"

"मीच आहे वरची. तुम्ही तिथेच उभे राहा, काही हरकत नाही. मोरी सापडली की पहिले तुम्हालाच आत पाठवते."

तो हटला. धायरीची माणसं कट्ट्यावर बसून बघत होती. शाळेच्या सुट्या, त्यामुळे प्रेक्षकांची कमतरता नव्हती. माझा मोबाइल दहा-दहा मिनिटांनी वाजत होता. सर. सर. सर. चौथ्या वेळी मी तो बंद करून जीपमध्ये टाकला.

मधल्या जुन्या रस्त्याला आम्ही हात लावला नाही. खालची दगडी कमान शाबूत होती, मोठमोठे ट्रक पेलणारी. गाडली गेली होती ती दोन्ही बाजूंची तोंडं, जिथे रस्ता नव्याने रुंद केला होता. डोंगराकडची बाजू दुपारपर्यंत खणून झाली. खालची बाजू सोनबांनी यंत्राला करू दिली नाही. "कमानीचा दगड निखळंल," म्हणाले आणि स्वतः कुदळ-फावडं घेऊन उतरले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, वर मेचं ऊन. मी तेजसकडे बघितलं. तो कुणी सांगायच्या आत बूट काढून खाली उतरला. गळ्यातलं ओळखपत्र त्याने खिशात टाकलं, हे मी बघितलं.

साडेचारला सोनबांनी हाक मारली. "मॅडम, या."

मी साडी खोचली, खड्ड्यात उतरले, गुडघे टेकले आणि वाकले. आत गारवा होता, ओल्या मातीचा वास होता, कडब्याच्या चार काड्या अजून चिकटून होत्या. आणि पलीकडे, मुरमाच्या फटीतून, भाकरीएवढा उजेड.

"दिसतोय का?" सोनबांनी विचारलं.

"दिसतोय."

डोळे भरून आले होते. ओढ्यात वाकलेल्या कार्यकारी अभियंत्याला कुणी बघू नये म्हणून मी आणखी थोडा वेळ तशीच राहिले. वर आले तर वेणूबाई तांब्याभर पाणी घेऊन उभ्या. "घ्या," म्हणाल्या, "आन् औंदा कडबा ठेवायचा का न्हाई ते आत्ताच सांगा." खड्ड्यातली सगळी माणसं हसली.

अठ्ठावीस तारखेपर्यंत डोंगराकडचे नळ बसले होते. खालच्या बाजूचा खड्डा उघडाच होता. तेव्हा चौपदरी रस्त्यावर त्या एका जागी उरला तो मधला जुना रस्ता, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. एका टोकाला लाल झेंडी घेऊन सोनबा उभे राहिले, दुसऱ्या टोकाला मी. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण खड्डा माझा होता, तर झेंडी दुसऱ्या कुणाच्या हातात का द्यायची?

गाड्यांचा ताफा आला आणि थांबला. पुढच्या गाडीची काच खाली झाली. आतले प्रमुख पाहुणे म्हणाले, "हे काय आहे?"

शेजारी बसलेले इनामदारसाहेब घाईने म्हणाले, "किरकोळ काम आहे, सर. केबलचं."

"मोरी आहे," मी म्हणाले. "मी चुकून गाडली होती. पावसाच्या आधी उघडतेय. आपण सावकाश जा, खालची कमान भक्कम आहे. जुनं काम आहे."

पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं, खड्ड्याकडे बघितलं, काहीतरी हुंकारले आणि काच वर केली. मग एकामागून एक, एकोणीस गाड्या त्या म्हाताऱ्या कमानीवरून रांगत गेल्या. मागच्या बसमधले परदेशी पाहुणे खिडकीतून फोटो काढत होते. मी त्यांना झेंडी हलवून दाखवली.

कोनशिलेवर माझ्या नावाच्या जागी ताजं सिमेंट थापलेलं होतं. ते मी संध्याकाळी बघितलं. अजून ओलं होतं. बोट लावावंसं वाटलं, पण नाही लावलं.

तीन जूनला बदलीचा आदेश आला. संकल्पचित्र कक्ष. म्हणजे एक खोली, चार टेबलं, आणि ताब्यात एक फूटही रस्ता नाही. बढतीची फाइल कुठे गेली ते विचारायच्या भानगडीत मी पडले नाही. त्याच दिवशी इनामदारसाहेबांचा फोन आला. "ते सोनबाचं टिपण अजून चालेल, ओव्हाळबाई. आदेश काय, मागे घेता येतो."

"टिपण माझ्याकडेच आहे, सर. सोनबांच्या निवृत्तीच्या दिवशी त्यांना वाचून दाखवणार आहे. ते आकडे वाचतात, अक्षरं मी वाचेन."

माझ्या जागी यायला लगेच कुणी तयार होईना. खोदलेला रस्ता आणि तापलेले साहेब, एवढं सगळं एकदम कोण घेईल? त्यामुळे तात्पुरता कार्यभार इनामदारसाहेबांना स्वतःकडे घ्यावा लागला. पाच तारखेला सकाळी ते ऑफिसात आले, पेन काढलं आणि म्हणाले, "आणा ती यादी. पाच मिनिटांत मोकळं करतो आपल्याला."

यादी म्हणजे विभागातल्या त्रेसष्ट मोऱ्यांची. देणाऱ्याची सही डावीकडे, घेणाऱ्याची उजवीकडे, आणि प्रत्येक ओळीपुढे छापलेलं: प्रत्यक्ष पाहणी करून ताब्यात घेतली.

"चला," मी म्हणाले.

"कुठे?"

"पाहणीला."

"अहो, ते छापील असतं."

"छापील आहे म्हणूनच म्हणतेय. माझी सही झाल्याशिवाय कार्यभार आपल्याकडे येत नाही, सर. आणि आता न बघितलेल्या गोष्टीवर मी सही करत नाही. एकदा केली होती. आपल्याला माहीतच आहे."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

धायरीला पोचलो तेव्हा दोन्ही बाजूंचे नळ बसून वर भराव झाला होता. नव्या कठड्यावर चुना चढला होता आणि सोनबा उकिडवे बसून आकडे रंगवत होते. सात झाला होता, बटे झाला होता, दोनाची शेपटी तेवढी राहिली होती. वेणूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. कट्ट्यावरची माणसं उठून पुढे सरकली.

"हं," इनामदारसाहेब म्हणाले. "आहे मोरी. बघितली."

"कठडा बघितलात, सर. मोरी खाली आहे."

ते ओढ्यात उतरले. पॅन्टची घडी दोन्ही हातांनी सांभाळत, एकेक पाऊल टाकत. खाली जाऊन उभे राहिले. वर माझ्याकडे बघितलं, वेणूबाईंकडे बघितलं. सोनबांचा कुंचला थांबला होता.

मग ते वाकले. आधी मानेतून, मग कमरेतून, मग एक गुडघा मातीत टेकून.

"दिसतोय उजेड?" मी विचारलं.

आतून आवाज घुमून आला. "दिसतोय."

मी यादी त्यांच्यासमोर धरली.

"मग करा सही. अजून बासष्ट आहेत."